बिऱ्हाड हौद्यात

बुलढाणा जिल्ह्यात बर्फ बघायचा तर रसवंतीवर जावं लागतं. गोणपाटात गुंडाळलेली लादी भुशात निजलेली असते. गिऱ्हाईक आलं की तिचा एक कोपरा उघडा करून टोच्यानं फोडतात आणि लगेच पुन्हा झाकतात. आभाळातून बर्फ पडलाच तर गारांच्या रूपात पडतो, तोही नेमका रब्बी उभी असताना, आणि त्यावर घसरायला कोणी येत नाही. पंचनाम्याला तलाठी येतो. अशा मुलखात, जालना-मेहकर रस्त्यावरच्या बीबीसारख्या गावात बसून, हिवाळ्यात स्कीइंगला जाणाऱ्यानं ट्रक कॅम्पर कोणता घ्यावा यावर मत देणं म्हणजे आगाऊपणा आहे, हे मान्य. तरी मत आहे. बर्फातलं फिरतं घर घेताना त्यात काय काय आहे हे बघत बसणारा फसतो, आणि त्यातलं काय काय उतरवून ठेवता येईल हे बघणारा रात्री सुखानं झोपतो. ही अक्कल परदेशी कॅटलॉगात सापडत नाही. लोणार तालुक्याच्या रस्त्यावर ती वर्षातून एकदा सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून जाते.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवायची सुटी खोली. ती मागून ओढायची नसते आणि गाडीला कायमची जोडायचीही नसते. चार कोपऱ्यांना चार जॅक असतात, त्यांवर खोली उभी करायची, पिकअप उलटी घेत तिच्याखाली न्यायची आणि जॅक हळूहळू उतरवायचे. ड्रायव्हरच्या टपावर पुढं आलेला पलंग, मागं ओटा, बसायला बाकडी, एखादं हीटर. अमेरिकेत आणि कॅनडात स्कीवाले असली खोली घेऊन डोंगराच्या पायथ्याशी जातात, रात्री तिथंच झोपतात आणि सकाळी पहिल्या पाळण्यात नंबर लावतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, एवढ्यात त्याचं वर्णन संपतं. फक्त विंचवाला ते हप्त्यानं घ्यावं लागत नाही.

आता आपल्या रस्त्याकडे या. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना सिंदखेडराजा, बीबी, लोणार, मेहकर अशी येते. पांढऱ्या पोशाखातले शेकडो वारकरी, शिस्तीच्या रांगा, टाळ-मृदंग, पताका. लोक त्यांच्याकडे बघतात, आणि ते योग्यच आहे. पण ट्रक कॅम्पर घेऊ पाहणाऱ्यानं सामान वाहणाऱ्या गाड्यांकडे बघावं. आळंदी-देहूच्या सोहळ्यांत तर दिंड्यांचे आपापले ट्रकच असतात. फाळका पाडला की आतलं सगळं गणित दिसतं. फाळक्याशी तंबू आणि मेखा, कारण मुक्कामावर आधी त्याच लागतात. त्यामागं भगुणी, शेगड्या, सिलेंडर. त्याच्याही मागं शिध्याची पोती. वळकट्या सगळ्याच्या वर, कारण त्या दबल्या तरी काही बिघडत नाही. जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं, हा नियम कुठं लिहिलेला नसतो आणि तो मोडणाऱ्याला भर पावसात तंबूसाठी अख्खा ट्रक रिकामा करावा लागतो. माणशी एक पिशवी, एक वळकटी. दुसरी पिशवी घेऊन येणाऱ्याकडे दिंडीचा व्यवस्थापक ज्या नजरेनं बघतो ती नजर कुठल्याही वजनकाट्यापेक्षा अचूक असते.

या ट्रकची खरी हुशारी मात्र वेगळीच आहे. तो घर वाहतो, घरातली माणसं वाहत नाही. माणसं पायी चालतात आणि तंबूत झोपतात. त्यामुळं त्यांचा घाम, त्यांचे श्वास, ओली धोतरं आणि आपापसातले रुसवे यांपैकी काहीच ट्रकमध्ये साठत नाही. बर्फात जाणाऱ्या कॅम्परचे जवळजवळ सगळे प्रश्न नेमके या साठण्यातून येतात. सुरुवात वजनापासून करू.

कॅटलॉगात खोलीचं जे वजन छापतात ते कोरडं असतं. टाकीत पाणी नाही, सिलेंडरात गॅस नाही, फडताळात लोणचं नाही अशा अवस्थेतलं. अशी खोली जगात फक्त शोरूममध्ये असते. पाण्याचा हिशोब तर चौथीच्या पोरालाही येतो, लिटरला एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली की एक धडधाकट माणूस आणि वर त्याचं पोरगं चढलं असं समजा. स्कीची जोडी आणि बूट मिळून माणशी आठ-दहा किलो. छपरावर फूटभर ताजं बर्फ साचलं तर चौरस मीटरला वीस-तीस किलो आणखी. अमेरिकेत मिळणाऱ्या पक्क्या भिंतींच्या कॅम्परांचं कोरडं वजनच सहज टनाच्या वर जातं. आपल्याकडे छोटा हत्ती पाऊण टन उचलतो, बोलेरो पिकअप सव्वा ते पावणेदोन टनांपर्यंत जाते. आणि ज्या चार दरवाज्यांच्या चकचकीत, हौसेच्या पिकअपचे फोटो बर्फात काढलेले असतात त्यांची वहनक्षमता आपल्या कांदेवाल्याच्या गाडीपेक्षा बरीच कमी भरते. फोटोतली खोली बहुतेक रिकामी असते. पाटे बसलेत की नाही हे फोटोत दिसत नाही.

हा मोह शिकल्यासवरल्यांनाही चुकत नाही. जॉन स्टाइनबेक या अमेरिकी कादंबरीकारानं १९६० साली जीएमसीच्या पिकअपवर अशीच खोली चढवून, सोबत कुत्रा घेऊन, अख्खा देश पालथा घातला. गाडीला नाव दिलं डॉन किहोतेच्या घोड्याचं, रोसिनांते. खोलीत वाचायची राहिलेली पुस्तकं, अवजारं, कधीतरी लागेल असं सगळं. पुढं ऑरेगॉनात, भर पावसात, मागचं टायर फुटलं. त्याला दोन वर्षांनी नोबेल मिळालं, ते या सामानाच्या नियोजनाबद्दल नव्हे.

इथं शेतकरी हरकत घेईल, आणि ती बिनबुडाची नाही. वजन असेल तर चाक पकडतं. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकात पाणी भरतात ते उगाच नाही. मग बर्फावर मागची चाकं सुळकायला नकोत म्हणून हौद्यात टनभर वजन चांगलंच की. चढताना हे खरं आहे. पण ट्रॅक्टर शेतात चालतो. तिथं उतारावर ब्रेक मारून समोरच्या जीपच्या मागं थांबायचं नसतं. बर्फावर निघायला वजन मदत करतं, वळताना आणि थांबताना तेच वजन गाडीला आपल्या मर्जीनं नेतं. त्यात ते वजन उंचावर असेल, टपावर पुढं आलेल्या पलंगात चार रजया आणि पापडाचा डबा असेल, तर वळणावर गाडी आधी विचार करते आणि मग वळते. वजन हवंच असेल तर खाली, मागच्या आसाच्या जरासं पुढं. दिंडीच्या ट्रकमध्ये पोती तळाशी आणि वळकट्या वर असतात, त्याचं कारण हेच.

आता बैठकीचा प्रश्न, ज्यावर बहुतेक घरांमध्ये बेत मोडेल. कॅटलॉग सांगतो, चौघांची झोपायची सोय. साध्या पिकअपच्या केबिनमध्ये बसायची सोय ड्रायव्हर धरून दोघा-तिघांची. मागच्या खोलीत बसून जाणं कायद्यानं मालवाहू गाडीत चालत नाही, आणि घाटात तर ते अकलेनंही चालत नाही. आपल्याकडे पिकअपमधून अख्खं वऱ्हाड जातं हा दाखला इथं लागू नाही. वऱ्हाडाला बर्फ लागत नाही आणि ते मुक्कामाला मंगल कार्यालयात असतं. मग दोन रांगांच्या केबिनची पिकअप घ्यावी तर हौदा आखूड होतो, हौदा आखूड झाला की खोली आखूड, आणि खोली आखूड झाली की चौघांचे पाय एकाच ठिकाणी येतात. बसायची जागा वाढवाल तेवढी झोपायची घटते. यावर वारीनं काढलेला तोडगा, म्हणजे जे मावत नाहीत त्यांनी चालावं, बीबी ते काश्मिरातलं गुलमर्ग या दोन हजार किलोमीटरच्या आसपासच्या अंतराला जरा जड जाईल. तेव्हा सरळ सांगायचं तर ट्रक कॅम्पर हे दोघांचं वाहन आहे. ज्या घरात दोघांनी जायचं ठरतं आणि आत्याला कळत नाही, त्याच घरानं तो घ्यावा.

थंडीबद्दल लोक फार बोलतात. थंडी त्यामानानं सोपी आहे, खरा वैरी वाफ. झोपलेला माणूस रात्रभर श्वासातून आणि कातडीतून पाणी सोडत असतो. चौघे मिळून सहज लिटरभर. त्यात ओले हातमोजे, ओले बूट. आणि ज्याच्यावर कोणाचा चटकन विश्वास बसत नाही ते म्हणजे गॅस. शेगडीवर एक किलो गॅस जळला की त्यातून दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपानं खोलीत येतं. आपण आग पेटवतो आणि प्रत्यक्षात पाणी भरत असतो. ही सगळी वाफ थंड जागा शोधते. पहाटे दिवा लावून पाहिलं तर भिंतीतल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर दंवाची पांढरी टोपी दिसते, खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बर्फाची कोर धरलेली असते आणि गादी उचलली तर खालची फळी ओलीचिंब. ऊन आलं की टोप्या वितळतात आणि एकेक थेंब बरोबर कपाळावर पडतो.

या वाफेत भर घालणारं सर्वांत कार्यक्षम यंत्र म्हणजे मराठी स्वयंपाकघरातला कुकर. भाताच्या तीन शिट्ट्या, वरणाच्या चार, आणि छपरावरून गळती सुरू. यावर कुकरवाल्यांचं उत्तर तयार असतं आणि ते शास्त्राला धरून आहे. गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे, तिथं पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तुरीची डाळ संध्याकाळपर्यंत हट्ट सोडत नाही, तेव्हा कुकर पाहिजेच. मान्य. पण डाळ पाहिजेच हे कोणी सांगितलं? वारीला, यात्रेला, शेतावर जाताना आपल्या आज्या-पणज्यांनी दशम्या, धपाटे, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली ती काही चवीपुरती नाही. टिकतं, हलकं असतं आणि खाताना वाफ निघत नाही. ज्यांना गरम जेवणावाचून चालतच नाही त्यांनी दुपारी, दार सताड उघडं ठेवून, शक्यतो बाहेर शिजवावं. चहाला अर्थातच माफी आहे. चहाला नाही म्हणणारा कॅम्पर महाराष्ट्रात खपणार नाही.

आता भिंती. रसवंतीवरची लादी उन्हाळ्यात दुपारपर्यंत टिकते ती भुशानं अडवून धरलेल्या हवेमुळं, आणि गोणपाट जिथं फाटलेलं असतं तिथूनच ती आधी गळते. कॅम्परच्या भिंतीतला फोम तेच काम उलट्या दिशेनं करतो, आणि त्याचंही फाटलेलं गोणपाट असतंच : धातूचा सांगाडा, खिडकीची चौकट, छपरावरची झाकणं. म्हणून भिंत किती जाड हे विचारण्याआधी सांगाडा लाकडाचा की ॲल्युमिनियमचा आणि खिडक्या किती, हे विचारावं. छप्पर वर उचलायचे, कापडी बाजूंचे हलके कॅम्पर वजनाला चांगले, पण उणे दहाच्या रात्री कापडाची भिंत ही भिंतीची नुसती आठवण असते. शिवाय वर फूटभर बर्फ असेल तर सकाळी ते छप्पर आधी झाडायचं की चहा आधी, यावरून वाद ठरलेला. माझं मत विचाराल तर लहान, पक्क्या भिंतीचा, दोनच खिडक्यांचा आणि न्हाणीघर नसलेला. न्हाणीघर म्हटलं की टाकी, नळ्या, पंप आले, आणि गोठताना फुगणारं पाणी नळ्या फोडतं. पाणी जारमध्ये, जार उबदार कोपऱ्यात. राहता राहिला संडास, तर त्यावरची हरकत, विशेषतः घरातल्या बायकांची, शंभर टक्के रास्त आहे; पण तिथंही वारीनं फिरती शौचालयं केली ती वेगळी, शिध्याच्या ट्रकमध्ये घातली नाहीत. पाण्याशिवाय चालणारा, उचलून नेता येणारा कोरडा डबा पुरतो.

ऊब हवी तर डिझेलवर चालणारं छोटं हीटर, ज्याचा धूर नळीनं बाहेर जातो आणि आत फक्त कोरडी गरम हवा येते. बंद खोलीत शेगडी किंवा निखारे ठेवून झोपायचं नाही. दर हिवाळ्यात गुदमरून मेल्याच्या बातम्या येतात आणि त्यात विनोदाला जागा नाही. डिझेलची मात्र मर्जी सांभाळावी लागते. आपल्याकडे भरलेलं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेण सोडतं आणि फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी. म्हणजे खाली मैदानात टाकी गळ्यापर्यंत भरून वर चढणं हे शहाणपण नव्हे. गॅसचीही तीच तऱ्हा. सिलेंडरातलं ब्युटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचं सोडतं, प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत काम करतं. त्यामुळं घरचा निम्मा भरलेला सिलेंडर तिथं मेल्यासारखा वागला तर एजन्सीला शिव्या देण्यात अर्थ नाही. आणि लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये, हे विकणारा सहसा शेवटी सांगतो.

सर्वांत मोठी हरकत अजून बाकी आहे. एवढं करून गाडी गुलमर्गपर्यंत जाते कुठं? बर्फ पडलं की बाहेरच्या गाड्या बहुधा पायथ्याच्या टंगमर्गलाच थांबतात. वरचा तेरा किलोमीटरचा रस्ता साखळ्या लावलेल्या स्थानिक गाड्यांचा. म्हणजे दोन हजार किलोमीटर घर वाहून नेल्यावर शेवटचा टप्पा दुसऱ्याच्या सुमोत, गुडघ्यावर स्की धरून. मग घर नेलंच कशाला? शिवाय जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे, गुलमर्गात हॉटेलं आहेत, स्की भाड्यानं मिळतात. हिशोबाच्या वहीत ही हरकत जिंकते आणि तिला जिंकू द्यावं. फक्त हॉटेलची खोली तारखेला बांधलेली असते आणि बर्फ तारखेला बांधलेलं नसतं. रामबन-बनिहालकडचा रस्ता दरड कोसळून नाही तर बर्फानं बंद पडतो, तेव्हा हॉटेलवाला त्या रात्रीचे पैसे परत देत नाही आणि तुम्ही जिथं अडकलात तिथं खोली मिळत नाही.

अशा वेळी काझीगुंडच्या बाजूला रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या ट्रकांच्या रांगेकडे बघावं. भारतातले खरे ट्रक कॅम्पर तिथं असतात आणि त्यांतल्या कोणालाही स्की येत नाही. सफरचंदं घेऊन निघालेले ड्रायव्हर दिवसेंदिवस गाडीत काढतात : केबिनमागच्या फळीवर घडी घातलेली रजई, पायाशी पाण्याचा कॅन, स्टोव्ह टायरच्या आडोशाला, गाडीबाहेर. काच बोटभर खाली. ती काच त्यांना कोणत्या पुस्तकानं शिकवली नाही, पण हवा खेळती ठेवायचा त्याहून चांगला उपाय लाखोंचा कॅम्पर विकणाऱ्याकडेही नाही. ते मजेसाठी तिथं नाहीत हा फरक मोठा आहे आणि तो विसरून त्यांच्या साधेपणाची तारीफ करणं बरं नव्हे. मात्र थंडीत गाडीत कसं झोपावं हे विचारायचं असेल तर त्यांनाच विचारावं.

कायद्याचं एक वळण राहिलं. कंपनीनं बनवलेल्या मूळ रचनेत फेरफार केलेली गाडी चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली सांगितलं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. हौद्यात सुटी ठेवलेली खोली हा फेरफार की माल, हा वाद मात्र एमएच-२८ ही बुलढाण्याची पाटी बघून कुठल्या तरी नाक्यावरचा शिपाई रात्री अकरा वाजता उकरून काढणार. तिथं कलम दाखवण्यापेक्षा चहा दाखवावा.

उरला पैशाचा मुद्दा, म्हणजे पंधरा दिवस वापरायचं आणि साडेअकरा महिने अंगणात उभं ठेवायचं. इथं बीबीची बाजू अमेरिकेतल्या कोलोरॅडोपेक्षा भक्कम आहे. खोली जॅकवर उतरवली की पिकअप मोकळी. ती सोयाबीन घेऊन बाजार समितीत जाऊ शकते. आणि खोली नुसती पडून राहायचं कारण नाही. ती शेतात नेऊन ठेवली की जागलीला उत्तम. दार लागतं, पलंग उंचावर, विंचू-काट्याची भीती नाही, आणि रानडुकरं आली तर खिडकीतून बॅटरी मारता येते. अडचण एवढीच की हरभऱ्याला घाटे धरतात तेव्हाच, जानेवारी-फेब्रुवारीत, डुकरं आणि रोही शेतात उतरतात आणि तेव्हाच गुलमर्गात चांगलं बर्फ असतं. एकच खोली दोन्हीकडे नेता येत नाही. हरभरा निघाल्यावर मार्चात जावं तर वरच्या उतारांवर बर्फ टिकून असतं, रात्री जरा सौम्य होतात, वाफेचा त्रासही कमी. पण मार्चात पोराचे दहावीचे पेपर असतात, आणि पेपर संपतात तोवर सोसायटीच्या कर्जाची ३१ तारीख येऊन ठेपते.